दुखऱ्या सांध्याला विश्रांती किती, व्यायाम किती?

गुडघा, कंबर, खांदा, मान, टाच यांपैकी काहीच कधी दुखलं नाही असा माणूस विरळाच. एकट्या कंबरदुखीचा हिशेब घेतला तर २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना ती होती. दुखायला लागलं की बहुतेक जण दोनपैकी एक वाट धरतात. एक तर त्या सांध्याला पूर्ण आराम: जिना बंद, चालणं बंद, वाकणं बंद. नाहीतर रोज जाऊन शेक घ्यायचा, मशीन लावून घ्यायचं, आणि कोर्स संपल्यावर पुन्हा दुखलं की ‘फिजिओथेरपीचा काही उपयोग होत नाही’ म्हणून नाद सोडायचा. दोन्ही वाटांवर एक काम करायचं राहूनच जातं, ते म्हणजे दुखऱ्या भागाची भार पेलण्याची ताकद वाढवणं. फिजिओथेरपीचा गाभा हाच आहे. शेक, मालिश, पट्टे, मशीन हे सगळं त्याच्या सोबतीला येतं.

आराम कुठे उपयोगी, कुठे घातक

आरामाची समजूत खोलवर रुजलेली आहे, आणि ती रुजवली वैद्यकानेच. कंबरेत उसण भरली की आठवडाभर अंथरूण सोडू नका, असं एके काळी डॉक्टर सर्रास सांगत. १९८६ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात कंबरदुखीच्या काही रुग्णांना २ दिवस पडून राहायला सांगितलं आणि काहींना ७ दिवस. बरं होण्यात दोन्ही गटांत विशेष फरक पडला नाही. पण २ दिवस आराम केलेल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी आणखी पुढे जाऊन पाहिलं. झेपतील तेवढी रोजची कामं चालू ठेवा, एवढंच ज्यांना सांगितलं होतं ते पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर सावरले. इतकंच नाही, तर त्या ताज्या दुखण्यात ठरवून कमरेचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही लवकर सावरले. हा दुसरा भाग लोक विसरतात. उसण भरल्यावर पहिल्या काही दिवसांत व्यायामाचा तडाखा लावायची गरज नसते. हिंडतं-फिरतं राहिलं तरी पुरतं.

पाय मुरगळला, स्नायू ताणला गेला, मुका मार लागला, तर एक-दोन दिवस त्या भागावरचा भार कमी करणं शहाणपणाचंच आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. चार दिवसांचा आराम चार आठवड्यांवर गेला की शरीर आतून बदलायला लागतं. स्नायू वापरात नसले की भराभर सुकतात. प्लास्टर काढल्यावर पोटरी किती बारीक दिसते ते आपण पाहिलेलं असतं. स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, ज्याला कंडरा म्हणतात, तोही ओढ मिळाली नाही तर कमकुवत होत जातो. आणि सांध्यातल्या कूर्चेची तर गोष्टच वेगळी. हाडांच्या टोकांवरच्या या गुळगुळीत थराला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून होतं. पाऊल टाकलं की कूर्चा स्पंजासारखी दाबली जाते आणि आतला द्रव बाहेर पडतो. पाऊल उचललं की ताजा द्रव आत शिरतो. म्हणजे गुडघा वाचवायचा म्हणून चालणं बंद करणारा माणूस कूर्चेचं पोषणच तोडत असतो.

धावण्याने गुडघे झिजतात ही भीतीही याच समजुतीतून येते. २०१७ साली अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली. हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के निघालं आणि न धावणाऱ्या, बैठं आयुष्य जगणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के. स्पर्धेसाठी वर्षानुवर्षं धावणाऱ्यांत मात्र ते १३.३ टक्के होतं. अशा आकड्यांवरून धावल्यामुळेच गुडघे चांगले राहिले असं ठामपणे म्हणता येत नाही, कारण ज्यांचे गुडघे चांगले तेच धावत राहतात. पण बेताने धावल्याने सांधे निकामी होतात, या समजुतीला यात काहीच आधार नाही.

‘आता या वयात कसली ताकद वाढणार?’ हे वाक्य तर घरोघरी ऐकू येतं. १९९० साली अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या ज्येष्ठांना मांडीच्या स्नायूंसाठी चांगलं वजन लावून व्यायाम दिला गेला. सगळे अशक्त, सरासरी वय ९० वर्षं. ८ आठवड्यांत त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली. माणसं थोडी होती, पण वय झालं की स्नायू व्यायामाला दाद देत नाहीत ही समजूत मोडायला तेवढी पुरेशी आहेत.

एमआरआयमध्ये दिसणारं आणि आपल्याला दुखणारं

‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली आहे’, ‘वाट्या झिजल्या आहेत’. रिपोर्टमधल्या अशा एका वाक्याने माणूस मनातून खचतो आणि वाकायचंसुद्धा भय धरतो. म्हणून एक गोष्ट समजून घेणं फार गरजेचं आहे. २०१५ साली, पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. मणक्यांमधल्या गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांमध्ये दिसली आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांमध्ये. गादी फुगून बाहेर आलेली असण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के होतं, ऐंशीत ८४ टक्के. या सगळ्यांना दुखत काहीच नव्हतं. केस पिकतात, त्वचेला सुरकुत्या पडतात, तसेच मणकेही वयाप्रमाणे बदलतात. रिपोर्टमधली झीज खरी असते, पण तुमच्या दुखण्याचं कारण तीच, असं निव्वळ फोटोवरून ठरत नाही.

मग दुखतं का? ऊतींमधून निघालेला संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो, आणि किती दुखावं हे वाटेत आणि मेंदूत ठरतं. झोप अपुरी असेल, ताण असेल, ‘आता हे कधीच बरं होणार नाही’ अशी धास्ती बसली असेल, तर तोच संदेश जास्त जोराने जाणवतो. दुखणं महिनोन्महिने चाललं की मज्जासंस्था इतकी हळवी होते की साधं वाकल्यावरही कळ येते. याचा अर्थ दुखणं खोटं आहे किंवा मनाचे खेळ आहेत असा अजिबात नाही. अशा रुग्णाला ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं सांगून परत पाठवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. दुखणं शंभर टक्के खरं असतं. फक्त आत किती बिघडलंय याचं ते बिनचूक माप नसतं, आणि म्हणूनच थोडं दुखत असतानाही हालचाल सुरू करता येते.

पहिल्या भेटीत काय व्हायला हवं

चांगला फिजिओथेरपिस्ट मशीनकडे वळण्याआधी बराच वेळ विचारपूस करतो. कधीपासून दुखतंय, काय केल्यावर वाढतं, कशाने उतरतं, सकाळी किती वेळ आखडलेलं असतं, रात्री कुशीवर वळल्यावर जाग येते का, काम कसलं आहे, मधुमेह आहे का, आणि तुम्हाला नेमकं काय पुन्हा करता यायला हवं आहे. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. ‘दुखणं कमी व्हावं’ हे उत्तर मोघम झालं. ‘दोन मजले न थांबता चढता यावेत’ असं ठरलं की उपचाराला दिशा मिळते आणि प्रगती मोजता येते.

तपासणीने काय कळतं ते खांद्याच्या उदाहरणावरून बघा. आधी तुम्हाला स्वतः हात वर न्यायला सांगतात. समजा, तो खांद्याच्या पातळीलाच अडला. मग तुम्ही हात सैल सोडायचा आणि फिजिओ तो हळूच उचलतो. त्याने उचलल्यावर हात जवळजवळ पूर्ण वर गेला, तर सांधा मोकळा आहे आणि अडचण बहुधा हात उचलणाऱ्या स्नायूंमध्ये किंवा त्यांच्या कंडरांमध्ये आहे. पण त्याच्या हातूनही तो तिथेच अडला तर चित्र बदलतं. आता कोपर कमरेला चिकटवून, काटकोनात वाकवून, पुढचा हात बाहेरच्या बाजूला फिरवून बघतात. तोही दुसऱ्या हाताच्या मानाने निम्म्यावर अडत असेल तर संशय फ्रोजन शोल्डरचा. दोन मिनिटांची तपासणी, पण पुढचे उपचार तिच्यामुळे पार वेगळे होतात.

फ्रोजन शोल्डर साधारण ४० ते ६० या वयात होतो आणि मधुमेहींना जास्त होतो. सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, मग जाड होऊन आकसतं. सुरुवातीचे काही महिने रात्रीची झोप उडवणारा ठणका असतो. नंतर दुखणं ओसरतं, पण हात आखडलेला राहतो. त्यानंतर तो हळूहळू सुटतो. हे सगळं व्हायला एक ते तीन वर्षंही लागू शकतात. ठणक्याच्या काळात हात जबरदस्तीने ओढून ताणला तर सूज चिडते. तेव्हा हात लोंबता सोडून हलके झोके देणं, निजून दुसऱ्या हाताच्या आधाराने दुखरा हात वर नेणं, एवढंच बरं. याच टप्प्यात सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने पुष्कळांना उतार पडतो, आणि त्यानंतर व्यायाम सोपा जातो. ताणण्याचा खरा जोर पुढच्या टप्प्यात लावायचा.

कंडरेच्या दुखण्यात याउलट, ताकदीचा व्यायाम लवकर सुरू करतात. रबरी पट्टा किंवा छोटं वजन घेऊन हात बाहेर फिरवणं, बाजूला उचलणं, आणि हे निदान १२ आठवडे. हाडाचा कोपरा घासून जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया अशा खांद्यांवर अनेक वर्षं होत होती. ब्रिटनमध्ये २०१८ साली तिची तुलना लुटुपुटीच्या शस्त्रक्रियेशी केली, म्हणजे दुर्बिणीने सांधा नुसता पाहून काहीही न कापता टाके घातले. दोन्ही गटांतल्या रुग्णांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

गुडघा

गुडघेदुखीवर एकच व्यायाम सांगायचा झाला तर मी खुर्चीवरून उठणं-बसणं सांगेन. न हलणारी खुर्ची घ्या आणि तिची पाठ भिंतीला टेकवा. पुढच्या कडेवर बसा, पावलं खांद्यांइतकी फाकवा आणि टाचा गुडघ्यांपेक्षा किंचित मागे घ्या. आता छाती पुढे झुकवत, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की टाचांवर जोर देऊन उभे राहा. दोन्ही गुडघे पावलांच्या रेषेत राहिले पाहिजेत. उठताना ते आत एकमेकांकडे झुकत असतील तर खुब्याचे स्नायूही कमजोर आहेत असं समजा. बसताना मनात ३ आकडे मोजत हळूहळू टेका. शेवटच्या वीतभर अंतरात अंग सोडून धपकन बसण्याचा मोह होतो. तिथेच मांडीचा स्नायू सर्वांत जास्त राबत असतो, त्यामुळे तोच भाग सावकाश करायचा.

जमत नसेल तर बैठकीवर उशी ठेवून उंची वाढवा किंवा मांडीवर हात टेकून उठा. ८ ते १२ वेळा, असे २ किंवा ३ फेरे, आठवड्यातून ३ दिवस. शेवटचे दोन वेळा उठताना जोर लागलाच पाहिजे. १२ वेळा सहज होऊ लागलं की उशी काढा, मग हातात वजन घ्या, मग एका पायावर जास्त भार द्या. पुष्कळांचा व्यायाम इथेच फसतो. सहा महिने तोच पाय सरळ उचलायचा व्यायाम, तेवढ्याच वेळा. स्नायूला रोजचं ओझं सवयीचं झालं की तो आणखी बळकट होत नाही.

आता कळीचा प्रश्न. व्यायाम करताना दुखलं तर? यासाठी फिजिओ एक सोपं माप वापरतात. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, १० म्हणजे कल्पनेतलं सर्वांत भयंकर दुखणं. व्यायाम करताना दुखणं ४ पर्यंत गेलं तरी हरकत नाही, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते व्यायामाआधीच्या पातळीवर उतरलं पाहिजे आणि गुडघ्याला नवी सूज दिसता कामा नये. उतरलं नाही तर आदल्या दिवशीचा डोस जास्त झाला, म्हणून पुढच्या वेळी फेरे किंवा वजन कमी करायचं. व्यायाम सोडायचा नाही. मांडीच्या मांसल भागात दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत राहणारी ठणक वेगळी. न सवयीच्या कामाने स्नायू असेच दुखतात आणि आपोआप शांत होतात.

सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, जिना उतरताना साधारण साडेतीन पट. ज्यांचं वजन जास्त आहे अशा गुडघेदुखीच्या रुग्णांच्या अभ्यासात तर १ किलो कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास ४ किलोंनी हलका झालेला दिसला. ५ किलो उतरले तर २० किलो. वजन आणि व्यायाम दोन्ही एकदम हाती घेतलं तर जेवढा फायदा होतो तेवढा कुठल्याही एकाने होत नाही. ज्यांना उभ्याने काही सोसतच नाही त्यांनी स्थिर सायकल किंवा कमरेइतक्या पाण्यात चालण्यापासून सुरुवात करावी.

टाच

टाचेची दोन दुखणी लोक एकच समजतात. मागच्या बाजूला, पोटरीची कंडरा जिथे जाते तिथे दुखत असेल तर एक दुखणं. आणि सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताच तळव्यात टाचेखाली चमक मारत असेल तर दुसरं. पहिल्यासाठी स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९९८ साली एक व्यायाम मांडला. पायरीच्या कडेवर पावलाचा पुढचा भाग टेकवून उभं राहायचं, दोन्ही पायांनी टाचा वर न्यायच्या, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच हळूहळू पायरीच्या खाली उतरवायची. वर येताना पुन्हा चांगल्या पायाचा आधार. एकदा गुडघा सरळ ठेवून १५ वेळाचे ३ फेरे, एकदा किंचित वाकवून ३ फेरे, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. शस्त्रक्रियेच्या यादीत असलेले १५ हौशी खेळाडू या व्यायामानंतर पुन्हा धावू लागले. दुखणं अगदी खाली, कंडरा हाडाला चिकटते तिथे असेल तर टाच पायरीच्या पातळीखाली नेऊ नये. सपाट जमिनीवरच करावं.

तळव्याच्या दुखण्यासाठी डेन्मार्कमध्ये २०१५ साली तपासलेला व्यायाम याच जातीचा आहे. पायरीवर गुंडाळलेला टॉवेल ठेवून बोटं त्यावर वर वाकलेली राहतील असं उभं राहायचं. ३ सेकंदांत टाच वर, २ सेकंद थांबायचं, ३ सेकंदांत खाली. एक दिवसाआड करायचं आणि जमेल तसं पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवत न्यायचं. ३ महिन्यांनी हा व्यायाम करणारे निव्वळ ताण देणाऱ्यांच्या पुढे होते. वर्षभराने दोन्ही गट सारखेच बरे झाले होते. म्हणजे व्यायामाने उतार लवकर पडतो, आणि रोज सकाळी कळ सोसणाऱ्याला तेवढंही खूप असतं.

कंबर, आणि पायात उतरणारी कळ

१९५६ साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टन शहरात रॉबिन मॅकेंझी या फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात एक विलक्षण प्रकार घडला. कंबरेतून पायात कळ जाणारा एक रुग्ण आत जाऊन टेबलावर पालथा झोपला. टेबलाचं डोक्याकडचं टोक आधीच्या रुग्णासाठी वर उचललेलं होतं, त्यामुळे कंबर मागच्या बाजूला चांगलीच वाकली होती. मॅकेंझींना काही मिनिटं उशीर झाला. ते आत आले तेव्हा रुग्ण म्हणाला, पायातलं दुखणं गेलंय. यातूनच एक उपयोगी खूण हाती आली. एखादी हालचाल पुन्हा पुन्हा केल्यावर दुखणं पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत असं वर सरकत गेलं, तर ती हालचाल त्या माणसाला मानवते, मग कमरेत तात्पुरतं थोडं जास्त दुखलं तरी चालेल. दुखणं खाली पावलाकडे उतरायला लागलं तर ती हालचाल थांबवायची. कुणाला मागे वाकणं मानवतं, कुणाला पुढे. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेला कमरेचा व्यायाम आपल्याला लागू पडेलच असं नाही.

सरकलेल्या गादीचं नाव ऐकून लोक हबकतात. पण बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर स्वतःच महिन्यांच्या काळात पुष्कळदा शोषून घेतं, आणि मोठे, सुटे झालेले तुकडे तर जास्तच. नस दबल्याची कळ बहुतेकांची शस्त्रक्रियेविना कमी होते. तोवर चालत राहणं, एका स्थितीत फार वेळ न बसणं, आणि उतार पडू लागला की कंबर, खुबा, मांडी यांची ताकद वाढवत नेणं हा मार्ग. कुठलीही एक व्यायामपद्धत बाकीच्यांपेक्षा फार सरस ठरलेली नाही. जी तुम्ही चालू ठेवाल ती चांगली.

मान आणि कोपराचं थोडक्यात. मानदुखीत मान आणि खांद्यामागच्या स्नायूंची ताकद वाढवणं उपयोगी पडतं. बसण्याची एकच ‘आदर्श’ पद्धत शोधत बसण्यापेक्षा दर अर्ध्या तासाने जागा बदलणं जास्त कामाचं. टेनिस एल्बो, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं, बहुतांश टेनिस न खेळणाऱ्यांनाच होतो. तळहात खाली करून हातात हलकं वजन धरायचं आणि मनगट सावकाश खाली उतरवायचं. उचलताना दुसऱ्या हाताचा आधार घ्यायचा.

शेक, मालिश आणि मशीन

शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात, मालिशने काही तास बरं वाटतं, आणि त्या काळात व्यायाम सोपा जातो. तेवढ्यासाठी ते जरूर घ्यावेत. बर्फाने सुरुवातीचा ठणका कमी होतो, पण जखम लवकर भरते असं नाही. १९७८ मध्ये ‘आराम, बर्फ, दाब, उंची’ हे सूत्र मांडणारे अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी २०१४ साली स्वतःच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी बरं होणं लांबू शकतं.

विजेच्या आणि अल्ट्रासाऊंडच्या मशीनबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांचा पुरस्कार आहे, आणि अल्ट्रासाऊंड, त्वचेवरून दिला जाणारा सौम्य करंट, ट्रॅक्शन (म्हणजे कंबर ओढून ताण देणं) आणि कमरेचे पट्टे नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असं म्हटलं आहे. ब्रिटनच्या २०२२ च्या संधिवाताच्या सूचनांचाही विजेच्या उपचारांबाबत हाच सूर आहे. मग जिथे पाऊण तास मशीन आणि जाता जाता व्यायामाचा एक छापील कागद मिळतो, तिथे रुग्णाचा वेळ वाया जातो असंच मला वाटतं. व्यायाम करून दाखवला का, तुमच्याकडून करून घेतला का, चुकलेलं सुधारलं का, पुढच्या भेटीत वाढवला का, एवढं पाहिलंत तरी फिजिओ कसा आहे ते कळेल.

थांबा आणि आधी डॉक्टरांकडे जा

काही दुखण्यांत व्यायामाचा विचारसुद्धा नंतर करायचा. कंबरदुखीबरोबर जांघेत आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, लघवी अडली किंवा ताबा सुटला, दोन्ही पायांतली शक्ती जायला लागली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. यात तासांनी फरक पडतो. एकच सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप, ही सांध्यातल्या जंतुसंसर्गाची खूण असू शकते. एकच पोटरी सुजून ठणकत असेल तर शिरेत रक्ताची गुठळी नाही ना ते पाहावं लागतं. छातीत दाटून येऊन डाव्या खांद्यात, हातात किंवा जबड्यात दुखत असेल तर ते हृदयाचं धरून चालावं. पडल्यानंतर पाय टेकवतच नसेल, कर्करोग होऊन गेलेला असताना नवं हाडदुखणं सुरू झालं, विनाकारण वजन उतरतंय, कुठल्याही कुशीवर रात्री आराम नाही, यांपैकी काहीही असेल तर आधी तपासण्या. आणि सकाळी तासभर सांधे आखडत असतील, हातांचे छोटे सांधे दोन्हीकडे सुजत असतील, तर संधिवाततज्ज्ञाला दाखवा, कारण तिथे वेळेवर औषध सुरू होणं महत्त्वाचं.

किती दिवस?

पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद वाढल्यासारखी वाटते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना नीट कामाला लावू लागते म्हणून. स्नायू प्रत्यक्ष भरायला दीड-दोन महिने लागतात, कंडरेला तीन महिने किंवा जास्त. म्हणून दहा दिवसांच्या कोर्सवर निकाल लावणं म्हणजे उपचाराला सुरुवातच न देणं. व्यायाम तीनच निवडा, रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडा आणि वहीत लिहीत जा: किती वेळा, किती वजन, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं किती. पुढच्या भेटीत फिजिओला ती वही दाखवली तर डोस अंदाजाने ठरवावा लागणार नाही.

मध्येच एखादा वाईट आठवडा येणारच. प्रवास झाला, झोप बिघडली, जास्त चाललं गेलं आणि गुडघा पुन्हा बोलायला लागला. अशा वेळी वजन आणि फेरे निम्म्यावर आणा, दोन-चार दिवस तिथेच राहा, आणि मग एकेक पायरी परत चढा. नेहमीचे उद्देश साध्य झाले, जिना चढता येऊ लागला, हात वर जाऊ लागला, की आठवड्यातून दोनदा केलं तरी ताकद टिकते. सहा ते बारा आठवडे नेटाने, डोस वाढवत करूनही काहीच फरक नसेल तर निदान पुन्हा तपासून घ्या. गुडघ्याची झीज फार पुढे गेली असेल तर सांधा बदलण्याचा विचार तेव्हा करायचा, आणि शस्त्रक्रियेआधी कमावलेली मांडीची ताकद त्यानंतर उभं राहताना उपयोगी पडते.